शाळेच्या दारी आलेले लेखक

वाशिम हे आमच्या जिल्ह्याचे ठिकाण आज एक मध्यम प्रतीचे शहर म्हणूनच लोकांस ठाऊक आहे. तथापि वाङ्मयाच्या इतिहासात त्याचे नाव फार जुने आहे. वाकाटक राजांच्या एका शाखेची ही राजधानी, आणि त्या काळचे तिचे नाव वत्सगुल्म. दहाव्या शतकाच्या आरंभी होऊन गेलेल्या राजशेखर कवीने आपल्या ‘काव्यमीमांसा’ ग्रंथात ह्या नगराविषयी एक मनोहर कथा सांगितली आहे. सरस्वतीला पुत्र झाला, तोच काव्यपुरुष. आई आपणास बरोबर नेत नाही म्हणून तो रुसला आणि घर सोडून चालता झाला. त्याला प्रेमाच्या बंधनात गुंतवावे म्हणून गौरीने साहित्यविद्या नावाची वधू निर्माण केली व ती त्याच्या पाठोपाठ निघाली. तो पूर्वेकडे गेला, पांचालात गेला, अवंतीत गेला. ज्या ज्या देशी जाई तेथील वेष, नृत्य आणि बोलण्याची धाटणी ती अंगीकारी, पण ह्याचे मन काही पुरते रमेना. अखेर दक्षिणेकडे आल्यावर तो रमला, आणि विदर्भातील वत्सगुल्म नगरात उभयतांचा गांधर्वविवाह झाला. राजशेखर स्वतःस यायावर कुळातला म्हणवितो. यायावर म्हणजे फिरस्ता. तेव्हा फिरस्त्या कुळातील कवीने फिरस्त्या काव्यपुरुषाची कथा सांगावी हे साहजिकच म्हटले पाहिजे!

ही पुराणवजा कथा मी आज सांगतो ती गावाचा अभिमान मिरविण्यासाठी नव्हे. लेखकाने शाळेत जावे काय, गेल्यास मुलांच्या लेखनास त्याचा काही उपयोग होतो काय, आणि होत असल्यास तो कशाने होतो, हा आजचा विषय आहे. एकोणचाळीस वर्षे मी ह्या जिल्ह्यातील निरनिराळ्या खेड्यांत मास्तरकी केली. माझे स्वतःचे शिक्षण जुन्या अकरावीपर्यंतचे, जिला आमचे वडीलधारे शेवटपर्यंत मॅट्रिकच म्हणत, आणि त्यावर अध्यापनाची पदविका. पांडित्य माझ्यापाशी नाही. परंतु मुलांच्या हजारो निबंधवह्या मी तपासल्या आहेत, आणि त्यांतील काही वह्या चुकीच्या रीतीने तपासल्या आहेत. त्या चुकीची कबुलीही ह्या भाषणात येणार आहे.

प्रथम राजशेखराचेच आणखी थोडे ऐकावे. कवी हा जन्मावाच लागतो, तो घडविता येत नाही, असे आपल्याकडे सर्रास बोलले जाते. राजशेखराचे मत इतके सोपे नाही. काही शिष्य जात्याच बुद्धिमान असतात, काहींची बुद्धी संस्काराने आणावी लागते, आणि ह्या दुसऱ्या वर्गास गुरूची नित्य गरज असते, असे तो सांगतो. कवित्वाच्या आठ माता म्हणून त्याने ज्या मोजल्या आहेत त्यांत प्रतिभा ही एक आहे, एकटी नव्हे. तिच्या जोडीस आरोग्य, अभ्यास, भक्ती, बहुश्रुतता आणि दृढ स्मरणशक्ती आहेत, जाणत्यांशी होणारा संवाद आहे, आणि खिन्न होऊन हातपाय न गाळणे हेही आहे. ही शेवटची माता वाचून मला मोठा धीर आला. कवीच्या घरात लेखनाची कोणती साधने असावीत हेसुद्धा तो लिहितो. त्यांत फळा आणि खडू आहेत! दिवसाच्या एका प्रहरात रचना करावी आणि नंतरच्या प्रहरात तीच पुन्हा तपासावी, कारण रचनेच्या भरात विवेकाची दृष्टी जागी नसते. अधिक झाले असेल ते टाकावे, उणे असेल ते भरावे, जागा चुकली असेल तेथे फिरवावे, विसरले असेल ते आठवून घालावे. अकराशे वर्षांपूर्वीचा हा उपदेश आजच्या कोणत्याही निबंधाच्या तासास लागू पडेल. आमच्या शाळांतून मात्र मूल एकदा लिहिते, मास्तर एकदा खोडतो, आणि वही मिटते.

वत्सगुल्माच्या शाखेचा मूळ पुरुष सर्वसेन हा स्वतः कवी होता. त्याच्या ‘हरिविजय’ काव्याची प्रशंसा आनंदवर्धनासारख्या आचार्याने केली आहे. काव्य आज उपलब्ध नाही. परंतु ते संस्कृतात नसून प्राकृतात होते, एवढे निश्चित. त्याचा पुत्र विंध्यशक्ती ह्याचा ताम्रपट वाशिम येथेच मिळाला, त्यातही राजवंशाचे वर्णन संस्कृतात असून दानाचा व्यवहाराचा भाग प्राकृतात आहे. राजाला लोकांच्या बोलीची लाज वाटली नाही. ही गोष्ट श्रोत्यांनी ध्यानात ठेवावी, कारण पुढे मला तिच्याकडे परत यावयाचे आहे.

मधली शतके मी झपाट्याने ओलांडतो. त्या काळी गावोगाव जाणारे हरिदास, कीर्तनकार आणि शाहीर हेच खेड्यातील पोरांना भेटणारे वाङ्मयाचे लोक होते. एकोणिसाव्या शतकात सरकारी शाळा निघाल्या आणि शाळेला भेट देणारा पाहुणा म्हटला की शिक्षण खात्याचा अधिकारी, असे ठरून गेले. आमच्या वऱ्हाडात त्याला डिप्टी म्हणत. डिप्टी येणार म्हणजे शाळा सारवली जाई, पाठ कविता पुन्हा घोटल्या जात, आणि मुलांनी स्वतः काही लिहिले आहे काय हा प्रश्न कोणी विचारीत नसे. मुलांसाठी मासिके मात्र निघाली. विनायक कोंडदेव ओक ह्यांचे ‘बालबोध’ १८८१ साली, वासुदेव गोविंद आपटे ह्यांचे ‘आनंद’ १९०६ साली. ज्या घरी ती पोचत त्या घरच्या मुलांना लेखकाचे नाव तरी छापलेले दिसे.

ह्या पार्श्वभूमीवर १९०७ सालची जळगावची घटना पाहावी. त्या वर्षी जळगावास कवींचे पहिले संमेलन भरले. अध्यक्ष होते कान्होबा रणछोडदास कीर्तिकर. हे व्यवसायाने लष्करी खात्यातील शल्यवैद्य आणि छंदाने वनस्पतिशास्त्रज्ञ. हिंदुस्थानातील औषधी वनस्पतींवरील त्यांचा सहलेखकासह सिद्ध झालेला ग्रंथ प्रख्यात आहे. त्या सभेत धरणगावचा सोळा-सतरा वर्षांचा त्र्यंबक बापूजी ठोंबरे हा मुलगा उभा राहिला आणि त्याने आपली कविता म्हटली. अध्यक्षांनी त्याला ‘बालकवी’ म्हणून गौरविले व तेच नाव पुढे महाराष्ट्राच्या ओठी बसले. झाडापानांचा अभ्यास करणाऱ्या वैद्याने हे नाव द्यावे आणि त्या मुलाने पुढे फुले, झरे आणि गवताच्या पात्यांवर मराठीतील अत्यंत कोवळी कविता लिहावी, हा योग मोठा गोड आहे.

शाळांतून ही गोष्ट येथेच संपवितात. मुलांनी टाळ्या वाजवाव्यात, आणि आपणही अशी पदवी मिळवावी अशी ईर्ष्या धरावी. माझ्या मते खरी गोष्ट येथून पुढे आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळक ह्यांनी ह्या मुलास आपल्या घरी अहमदनगरास नेले. तेथे टिळक होते, लक्ष्मीबाई होत्या, आल्यागेल्यांचा राबता होता, आणि कविता हा त्या घरातला रोजचा व्यवहार होता. पोर लाजरे, हळवे, रुसणारे. लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रां’त त्याच्या सहवासाच्या आठवणी आहेत. पदवी देण्यास एक क्षण पुरला. कवी वाढविण्यास घर लागले. १९१८ साली भादलीनजीक रेल्वेच्या अपघातात बालकवी गेले, तेव्हा त्यांचे वय अठ्ठावीसही झाले नव्हते. तेवढ्या अवधीत त्यांच्या हातून जे झाले त्याच्या मुळाशी जळगावच्या टाळ्या किती आणि नगरचे घर किती, ह्याचा हिशेब कोणी मांडू शकणार नाही. पण मला विचाराल तर मी घराच्या बाजूने कौल देईन.

ह्याच टिळकांचे चिरंजीव देवदत्त नारायण टिळक ‘बालबोधमेवा’ ह्या मुलांच्या मासिकाचे संपादक झाले. नाशिकच्या शाळेत शिकणाऱ्या विष्णु वामन शिरवाडकर नावाच्या विद्यार्थ्याचे अगदी आरंभीचे लेखन त्यांनी छापले. तोच विद्यार्थी पुढे कुसुमाग्रज झाला. बापाने एका मुलाला घरात जागा दिली, मुलाने दुसऱ्याला छापील पानावर. कुसुमाग्रजांची जन्मतिथी २७ फेब्रुवारी हा आज मराठी भाषा गौरव दिन म्हणून साजरा होतो, आणि शाळाशाळांतून लेखकास बोलावण्याचा तोच मुख्य दिवस झाला आहे. त्याखालोखाल १५ ऑक्टोबरचा वाचन प्रेरणा दिन. त्या दिवशी लेखक मिळविण्यासाठी आमच्या मुख्याध्यापकांची जी धावपळ होते ती पाहून लग्नसराईतील वाजंत्र्यांची आठवण होते.

मराठीत आणखी एक विशेष आहे. आपल्याकडे लेखकाला शाळेत पाहुणा म्हणून यावेच लागत नसे, कारण तो पुष्कळदा शाळेतच नोकरीस असे. केशवसुत शिक्षक होते. वि. स. खांडेकर १९२० पासून १९३८ पर्यंत शिरोड्याच्या खेडवळ शाळेत शिकवीत होते. आचार्य अत्रे पुण्याच्या कँपातील शाळेचे मुख्याध्यापक. त्यांच्या ‘नवयुग वाचनमाले’ने तर क्रमिक पुस्तकास हसता-बोलता आणले. ह्या सर्वांत मुलांच्या लेखनाच्या दृष्टीने मला अमळनेरचा प्रयोग सर्वाधिक मोलाचा वाटतो. साने गुरुजी १९२४ साली तेथील प्रताप हायस्कुलात शिक्षक झाले. वसतिगृहाची व्यवस्था त्यांच्याकडे आल्यावर त्यांनी ‘छात्रालय’ नावाचे हस्तलिखित दैनिक चालविले. मासिक नव्हे, दैनिक! मुले उठण्यापूर्वी स्वतःच्या हाताने लिहून ते लावून ठेवावयाचे. १९२८ मध्ये ‘विद्यार्थी’ मासिक निघाले. १९३० साली कायदेभंगाच्या चळवळीत उडी घेण्यासाठी त्यांनी नोकरी सोडली. म्हणजे हा सारा खटाटोप उणीपुरी सहा वर्षे चालला. पण त्या वसतिगृहातील मुलांनी एक गोष्ट डोळ्यांनी पाहिली : आपल्याला निबंध लिहावयास सांगणारा मनुष्य स्वतः रोज लिहितो. हे दृश्य किती शाळांतून दिसते? मी माझ्याच विषयी सांगतो. नोकरीची पहिली वीस वर्षे मी मुलांकडून निबंध लिहवून घेतले आणि स्वतः हजेरीपटावाचून काहीही लिहिले नाही.

परदेशात ह्या कामाला पुढे व्यवस्थित रूप आले. आपण आता रेडिओवर बोलत-ऐकत आहोत म्हणून पहिले उदाहरण रेडिओचेच घेतो. इंग्लंडात बी.बी.सी.ने शाळांसाठी ‘लिसनिंग अँड रायटिंग’ ही मालिका चालविली होती. तीत कवी टेड ह्यूज ह्याने मुलांशी बोलून कविता कशी सुचते, कशी धरावी हे सांगितले. ती भाषणे १९६७ साली पुस्तकरूपाने निघाली. लहानपणी त्याला रानातील लहानसहान प्राणी पकडण्याचा नाद होता, आणि कविता पकडणे हेही त्याच जातीचे काम आहे असे तो मुलांना पटवितो. वस्तूकडे टक लावून पाहा, शब्दांची चिंता मागाहून करा, असा त्याचा रोख. पुढच्याच वर्षी, १९६८ मध्ये, केनेथ कॉक हा अमेरिकन कवी न्यूयॉर्कच्या पी. एस. ६१ ह्या सार्वजनिक शाळेत जाऊ लागला. तो एकदा जाऊन थांबला नाही, वारंवार गेला. प्रत्येक ओळीचा आरंभ ‘मला वाटते की असे व्हावे’ अशा धर्तीवर करावा, किंवा पूर्वी मी अमुक होतो आणि आता तमुक आहे असे लिहावे, अशा सोप्या चौकटी त्याने दिल्या, आणि शुद्धलेखनाची काळजी करू नका म्हणून बजावले. ज्या मुलांना आपण काही लिहू शकू असे वाटतच नव्हते ती लिहू लागली. १९७० साली त्याने त्या अनुभवाचे पुस्तक केले. ‘इच्छा, थापा आणि स्वप्ने’ असा त्याच्या नावाचा अर्थ होईल. इटलीतील बालसाहित्यकार ज्यान्नी रोदारी ह्याची तऱ्हा त्याहून निराळी. १९७२ च्या मार्चमध्ये रेज्जो एमिलिया गावी तो आठवडाभर बोलला, तो मुलांपुढे नव्हे, शिक्षकांपुढे. गोष्ट कशी जुळवावी हे त्याने मास्तरांना शिकविले, आणि त्यातून ‘कल्पनेचे व्याकरण’ अशा अर्थाच्या शीर्षकाचा ग्रंथ पुढच्या वर्षी निर्माण झाला. लेखकाच्या भेटीचा खरा विद्यार्थी वर्गाच्या मागच्या बाजूस खुर्ची टाकून बसलेला मास्तर असतो, हे रोदारीने ओळखले होते. मला ते ओळखावयास एका मुलीची वही कारण झाली. आता ती हकीकत सांगतो.

१९९७ सालची गोष्ट. वाशिम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी झाला. तेव्हा आम्ही अकोला जिल्ह्यातच होतो. मंगरूळपीर तालुक्यातील एका खेड्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर मी सातवीला शिकवीत होतो. त्याच्या आधीच्या वर्षी एका मोठ्या गावच्या समारंभास आमची मुले नेली होती. तेथे एक नामांकित साहित्यिक यावयाचे होते. ते तीन तास उशिरा आले. मुले उन्हात बसली होती. हार झाले, शाल झाली, प्रास्ताविक झाले, परिचय झाला, आणि मग त्यांनी तासभर आपल्या पुरस्कारांचा वृत्तांत सांगितला. परतताना बैलगाडीत एका पोराने मला विचारले, “गुरुजी, ते लिहितात केव्हा?” प्रश्न निरागस होता. मला उत्तर देता आले नाही.

म्हणून फेब्रुवारीत एका सहकाऱ्याने अकोल्याकडच्या एका कवीस शाळेत आणतो असे सांगितले तेव्हा मी फारसा उत्साह दाखविला नाही. हे गृहस्थ एस. टी.ने आले, फाट्यावर उतरून दोन मैल चालत आले. हार घेण्याचे त्यांनी नाकारले. आपले नाव कोठे छापू नका असे तेव्हाच बजावले, म्हणून आजही मी ते घेत नाही. निंबाखाली मुलांच्या घोळक्यात ते बसले आणि पिशवीतून एक जाड वही काढून त्यांनी मुलांकडे दिली. त्यांच्याच कवितेची वही ती. पानेच्या पाने खोडलेली, बाणांनी शब्द इकडून तिकडे नेलेले, एका ओळीवर चार ओळी गिरविलेल्या. मुले चकित झाली. क्रमिक पुस्तकातील कविता आकाशातून छापूनच पडते अशी त्यांची समजूत! एक मुलगा म्हणाला, “तुम्हाला कोणी खोडलं?” ते म्हणाले, “माझं मीच.” राजशेखराने सांगितलेला तो दुसरा प्रहर मुलांनी त्या दिवशी प्रत्यक्ष पाहिला. पुस्तकाने हे दाखविता येत नाही, मास्तराने दाखविण्यासाठी मास्तराने लिहिले पाहिजे. लिहिणारा मनुष्य समोर बसला म्हणजेच ते दिसते.

त्यानंतर त्यांनी कविता म्हटली नाही. मुलांना विचारीत गेले. ह्या दिवसांत शिवारात काय चालले आहे? पऱ्हाटीचे काय करता? कोणती पाखरे आली? एकेक मूल उत्तर देई आणि ते आपल्या वहीत टिपून घेत. मुलांना प्रथम हसू आले, मग त्यांच्या ध्यानात आले की हा मनुष्य आपल्याकडून खरोखरच काही घेतो आहे. मग काय! चाळीस तोंडे एकदम बोलू लागली. शेवटी त्यांनी माझ्याकडे मुलांच्या निबंधवह्या मागितल्या.

त्यांतील एक वही एका मजूर बाईच्या मुलीची होती. निबंधाचा विषय ‘आमचे शिवार’. मुलीने लिहिले होते की उलंगवाडी झाली म्हणजे तिची माय तिला घेऊन दुसऱ्याच्या वावरात उरलासुरला कापूस वेचावयास जाते. ढोरे मोकळी सुटण्याच्या आत जावे लागते, आणि त्या दिवसांत मायच्या बोटांना चिरा पडतात. वऱ्हाडाबाहेरील श्रोत्यांसाठी सांगतो. कापसाची शेवटची वेचणी आटोपून शेत रिकामे होते, त्या वेळेला आमच्याकडे उलंगवाडी म्हणतात. त्या शब्दावर माझ्या तांबड्या शाईची रेघ होती. वर मी लिहिले होते, ‘वेचणीचा हंगाम संपल्यावर’. ‘माय’ खोडून ‘आई’ केले होते, ‘वावर’ खोडून ‘शेत’. दहापैकी चार गुण दिले होते. खाली शेरा होता : ‘भाषा अशुद्ध.’

कवींनी ते वाचले. मला ते काहीच बोलले नाहीत. त्या मुलीला जवळ बोलावून त्यांनी विचारले, “उलंगवाडी झाली हे तुझ्या मायला कसं कळते?” मुलगी आधी गप्प राहिली, माझ्याकडे पाहू लागली. मग हळूहळू सांगू लागली. मालकाच्या घरचा तराजू आत ठेवला जातो. वेचणाऱ्या बायांना हाक येत नाही. शेतात चालताना बोंडांची टरफले वाजतात. हे ती बोलत होती आणि ते लिहून घेत होते. शेवटी ते तिला म्हणाले की हे सर्व तू निबंधात घातले नाहीस, ते घाल, आणि तो शब्द तसाच ठेव. त्याच्या जागी दुसरा शब्द मला तरी ठाऊक नाही. मी मागे खुर्चीवर बसलो होतो. मला पुढे पाहवेना.

शुद्ध लिहिण्याची आवश्यकता मी नाकारीत नाही. परीक्षेत, अर्जात, नोकरीत प्रमाण भाषाच चालते, आणि ती मुलांना दिलीच पाहिजे. न देणारा मास्तर त्यांचे नुकसानच करतो. परंतु मूल पहिल्या प्रथम काही खरे सांगावयास निघाले असता त्याच्या तोंडचा शब्द हिसकावून घेणे म्हणजे त्याचे सांगणेच बंद करणे होय, हे मला वीस वर्षांनी कळले. आणि तेही ज्या भूमीत राजा प्राकृतात काव्य करीत होता त्या भूमीत! ते कवी पुढे दोनदा आले. एकदा पावसाळ्यात, एकदा दिवाळीनंतर. मुलांच्या वह्या ते अकोल्यास घेऊन जात आणि शिसपेन्सिलीने बारीक प्रश्न लिहून परत पाठवीत. शेरा नाही, गुण नाहीत, केवळ प्रश्न : मग काय झाले? त्याचा रंग कसा होता? हे कोणी सांगितले? मधल्या महिन्यांत मी दर शनिवारी शेवटचा तास लिहिण्यासाठी ठेवला आणि मुलांबरोबर मीही फळ्याशेजारी बसून लिहू लागलो. माझे लेखन सामान्यच असे. मुलांनी त्यातील चुका मोठ्या आनंदाने काढल्या. एकेचाळीस मुलांपैकी वर्षअखेर स्वतः होऊन लिहिणारी नऊ उरली. ह्या संख्येने कोणी हुरळून जाऊ नये आणि खिन्नही होऊ नये. राजशेखराची आठवी माता विसरून चालणार नाही.

लेखक दुरून आणला पाहिजे असेही नाही. आमच्याच जिल्ह्यातील शिरपूरचे नामदेव कांबळे ह्यांनी प्रथम शाळेत चौकीदारी केली, पुढे ते शिक्षक झाले. त्यांच्या ‘राघववेळ’ कादंबरीस १९९५ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला आणि २०२१ साली ते पद्मश्री झाले. ज्या फाटकावर चौकीदार बसला होता त्याच फाटकातून मुले रोज ये-जा करीत होती. आपल्या शाळेच्या आसपास आज असा कोण बसला आहे, हे मुख्याध्यापकांनी २७ फेब्रुवारीची वाट न पाहता चौकशी करून पाहावे. बोलवावयाचे तर वर्षातून तीनदा बोलवावे, थोड्या मुलांत बसवावे, हारतुऱ्यांचा खर्च वाचवून त्याचे प्रवासभाडे द्यावे, आणि त्याला खोडाखोडीची वही बरोबर आणावयास सांगावे. आणि मास्तराने त्या वेळी कार्यालयात जाऊन चहा पीत बसू नये.

ती मुलगी लेखिका झाली नाही. तिचे लग्न लवकर झाले. पुढे जिद्दीने दहावी करून ती अंगणवाडी सेविका झाली. गेल्या दिवाळीत ती घरी आली होती. अंगणवाडीतल्या लेकरांसाठी तिने वऱ्हाडीत जुळविलेली गाणी एका वहीत लिहिलेली होती, पुष्कळ ठिकाणी स्वतःच खोडून पुन्हा लिहिलेली. “गुरुजी, तपासून द्या,” म्हणाली. मी दोन दिवस ती वही ठेवून घेतली आणि पेन्सिलीने सात-आठ ठिकाणी प्रश्न लिहिले. दुरुस्ती एकच केली. पहिल्या पानावर तारीख घालावयाची राहिली होती, ती घातली.